साल 1290 : लंडन, दिल्ली, नेवासे

(दृश्य : थेम्स नदीचं मुख. ओहोटीत उघडा पडलेला वाळूचा पट्टा.)

साल 1290. ओहोटीमुळे एक जहाज वाळूला टेकलंय. कप्तान उतारूंना सांगतो, भरती येईतो खाली उतरा, पाय मोकळे करा. उतारू सगळे ज्यू. पाणी चढायला लागतं तसा कप्तान स्वतः जहाजावर चढतो आणि खाली राहिलेल्यांना म्हणतो, आता तुमच्या मोझेसचा (समुद्र दुभंगवून ज्यूंना वाट करून देणाऱ्या त्यांच्या प्रेषिताचा) धावा करा. सगळे बुडतात. इंग्रज बखरकारांनी नोंदवलेली ही हकीकत. कप्तानाला पुढे फाशी झाली, असंही ते सांगतात.

ही माणसं निघाली होती ती राजाच्या हुकमानं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं 18 जुलैला फर्मान काढलं : 1 नोव्हेंबरच्या आत सगळ्या ज्यूंनी देश सोडावा. कर लावून लावून त्यांना आधीच पिळून काढलं होतं, 1275 मध्ये व्याजाचा धंदाही बंद पाडला होता. आता त्यांच्याकडून मिळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. उलट त्यांना हाकलतोय म्हटल्यावर पार्लमेंटनं राजाला भलामोठा कर मंजूर केला. सरळ सरळ सौदाच म्हणायचा हा. ज्यूंना इंग्लंडात पुन्हा उघडपणे राहता आलं ते थेट 1656 नंतर.

(दृश्य : गेडिंग्टन गावातला दगडी क्रूस.)

त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला एडवर्डची राणी एलेनॉर लिंकनजवळ वारली. तिचा मृतदेह लंडनला आणताना जिथे जिथे रात्रीचा मुक्काम पडला, तिथे राजानं दगडी क्रूस उभारले. एकूण बारा. आज तीन उरलेत. लंडनच्या चेअरिंग क्रॉस या नावातला क्रॉस त्या बारांतलाच शेवटचा. बायकोसाठी इतका हळवा झालेला हा माणूस आणि ते फर्मान काढणारा माणूस एकच, हे पचवायला जड जातं.

बाकी युरोपातही वर्ष मरणांचंच. स्कॉटलंडच्या गादीची वारस, सात वर्षांची मार्गारेट, नॉर्वेहून येताना ऑर्कने बेटांवर दगावली. त्यातून पुढे इंग्लंड-स्कॉटलंडची लढाई जुंपली. फ्लॉरेन्समध्ये बिआत्रिचे गेली, दान्तेच्या कवितेतली. इकडे इजिप्तचा सुलतान कलावून अक्का या क्रुसेडवाल्या ख्रिस्ती लोकांच्या बंदरावर स्वारीला निघाला आणि वाटेला लागतो न लागतो तोच मरण पावला. अक्का घेतलं ते त्याच्या मुलानं, पुढच्या वर्षी.

(दृश्य : दिल्ली, यमुनेचा काठ.)

दिल्लीत आधीचा सुलतान बल्बन याचा नातू, सुलतान कैकुबाद लकव्यानं अंथरुणाला खिळला होता. त्याला मारून यमुनेत फेकलं, आणि जूनमध्ये जलालुद्दीन खिलजी तख्तावर आला. वय सत्तरीच्या घरात. दिल्लीकरांना तो नको होता, म्हणून त्यानं बरेच दिवस शहराबाहेर किलोखरीलाच दरबार भरवला. शेवटी शहरात आला तेव्हा बल्बनच्या महालापाशी घोड्यावरून उतरला, तख्तावर न बसता सरदारांच्या जागी बसला आणि रडला, असं इतिहासकार बरनी लिहितो. दरबारातल्या तरण्याबांड खिलजींना हा म्हातारपणाचा दुबळेपणा वाटला. त्यांत पुतण्या अलाउद्दीनही.

(दृश्य : नेवासे, पैसाचा खांब.)

त्याच सुमारास प्रवरेच्या काठी एक पोरगा गीता मराठीत सांगत होता. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें'. शके 1212 म्हणजे हेच साल. परंपरा सांगते ते जन्मसाल धरलं तर वय पंधरा. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ओव्या भरल्या नऊ हजारांवर. शेवटी ज्ञानदेव राजाचंही नाव घालतात : यदुवंशाचा श्रीरामचंद्र, न्यायानं राज्य करणारा. म्हणजे देवगिरीचा रामदेवराव यादव.

दिल्लीतल्या घडामोडींची झळ या राजाला सहा वर्षांत लागली. 1296 मध्ये अलाउद्दीन काकाला थांग न लागू देता कडा या गंगेकाठच्या आपल्या ठाण्याहून निघाला आणि एलिचपूरमार्गे देवगिरीवर धडकला. यादवांची बरीचशी फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. किल्ल्यावर धान्याची म्हणून चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ! रामदेवरावाला तह करावा लागला.

लूट घेऊन परतलेल्या पुतण्यानं गंगेकाठी, भेटीला आलेल्या काकाचाच खून करवला. मग दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला छोट्या मंजनीकातून (दगड फेकायच्या यंत्रातून) तो गर्दीवर सोनं उधळत गेला.