अँटवर्प : मुक्काम करावा असं शहर

[दृश्य : धावत्या गाडीची खिडकी. सपाट हिरवी शेतं, विटांची घरं, मग एकदम बोगद्याचा काळोख.]

ब्रसेल्सहून सुटलेली गाडी पाऊण तासात अँटवर्पला पोचते. आरक्षणाची भानगड नाही. बेल्जियममधल्या देशांतर्गत गाड्यांचं तिकीट काढायचं आणि मिळेल त्या गाडीत बसायचं. आपल्याकडचे सहलीचे गट मात्र बहुधा ब्रसेल्सला अटोमियमसमोर फोटो काढतात आणि बसनं थेट अ‍ॅमस्टरडॅम गाठतात. मधलं अँटवर्प त्यांना महामार्गावरच्या पाटीवर तेवढं दिसतं. पण युरोपातलं एखादं शहर पायी, सावकाश आणि रात्रीच्या मुक्कामासह बघायचं असेल, तर ते हे असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य : जमिनीखालचा फलाट. कॅमेरा सरकत्या जिन्यानं वर, वर जात राहतो.]

गाडी अनेकदा जमिनीखाली खोलवर थांबते. उतरल्यावर बाहेर पडायची घाई करू नका. आधी सगळ्यात वरच्या फलाटांपर्यंत चढून जा, आणि तिथून मुख्य दालनात उतरा.

हे स्थानक १९०५ साली पुरं झालं. वास्तुविशारद लुई देलासेन्सरी. घुमटाची उंची ७५ मीटर. फलाटांवरचं लोखंड आणि काचेचं छत १८५ मीटर लांब आणि ४४ मीटर उंच. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर जर्मन रॉकेटं कोसळली, तेव्हा स्थानकाचं मोठं नुकसान झालं. सांगाडा मात्र टिकला. पूर्वी इथे रूळ संपत. आलेली गाडी उलटी फिरूनच बाहेर पडे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ये-जा करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मग २००७ मध्ये शहराच्या पोटातून बोगदा काढला, दोन मजले खाली आरपार जाणारे रूळ टाकले आणि वरची जुनी वास्तू तशीच राखली. नवं बांधताना जुनं पाडावंच लागतं असं म्हणणाऱ्यांनी या जिन्यावर दहा मिनिटं उभं राहावं.

[दृश्य : स्थानकालगतची गल्ली. रस्त्यावरचे अडथळे, कॅमेरे, काळे कोट घातलेली माणसं.]

स्थानकाला लागूनच हिऱ्यांचा बाजार आहे. होवेनिअर्सस्ट्राट नावाची ही गल्ली दिसायला अगदी साधी. खिडक्यांत झगमगाट नाही, कारण खरा व्यवहार वरच्या मजल्यांवर चालतो. पिढ्यान् पिढ्या इथल्या व्यापारावर ज्यू कुटुंबांचा पगडा होता. १९६०-७० च्या सुमारास गुजरातेतल्या पालनपूरची जैन कुटुंबं आली, त्यांनी लहान आकाराच्या खड्यांचा धंदा हाती घेतला आणि बघता बघता बाजारातला मोठा हिस्सा त्यांच्याकडे आला. कच्चा माल इथे विकत घ्यायचा, पैलू सुरतेला पाडायचे आणि मुंबईतून जगभर पाठवायचा, असा तो मार्ग. आता दुबईनं या व्यापारातला बराच वाटा ओढून घेतला आहे. तरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजाराचं या गल्लीशी नातं आजही घट्ट आहे. कागदाच्या पुडीतला माल भिंगाखाली बघून भाव ठरला, की दोघं हात मिळवतात आणि ‘मझल’ म्हणतात. शब्द हिब्रू, पण पालनपुरी व्यापारीही तोच उच्चारतो, आणि तो उच्चारला की सौदा पक्का.

आणखी एक कामाची गोष्ट. शहराच्या दक्षिणेला विल्रेइक भागात याच समाजानं पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर उभारलं आहे. आणि स्थानकाच्या आसपास भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे उपयोगी पडणार आहे.

इथून शेल्ड नदीपर्यंतचं अंतर दोन किलोमीटरांच्या आसपास. मधला मेइर हा खरेदीचा रस्ता, आणि खरेदी सगळीकडे सारखीच. पुढे चला. वाटेत चित्रकार रुबेन्सचं घर लागतं. मूळ घर दीर्घकाळच्या दुरुस्तीसाठी बंद आहे, पण २०२४ मध्ये बाग नव्यानं खुली झाली आहे. तिथे जरूर बसा.

[दृश्य : लाकडी छापयंत्रं. खिळ्यांचे कप्पे. अंगणातली द्राक्षवेल.]

आणि मग या शहरातली आमची सगळ्यात आवडती जागा : प्लँटिन-मोरेटस संग्रहालय.

ख्रिस्तोफ प्लँटिन या फ्रेंच माणसानं १५५५ मध्ये अँटवर्पमध्ये छापखाना काढला. त्याच्यामागे जावई यान मोरेटस आणि त्याचे वंशज तो पिढ्यान् पिढ्या चालवत राहिले, आणि १८७६ मध्ये त्यांनी इमारत शहराला विकली. त्यामुळे झालं असं, की घर, दुकान, कार्यशाळा, ग्रंथालय सगळं होतं तसं राहिलं. जगातली सर्वांत जुनी दोन छापयंत्रं इथे उभी आहेत. १६०० च्या सुमाराची. कप्प्यांत खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, भरलेले आहेत. मुद्रितं तपासणाऱ्यांची खोली वेगळी, खिडकीशी टेबल, कारण डोळे फोडायचं काम उजेडातच करायला हवं. १५६८ पासून पुढची चार-पाच वर्षं खपून प्लँटिननं हिब्रू, ग्रीक, अरामी, सिरियाक आणि लॅटिन अशा पाच भाषांतलं आठ खंडी बायबल छापलं. एकेका लिपीचे खिळे जमवायचे आणि त्या भाषा जाणणारी माणसं शोधून त्यांना पगारावर ठेवायचं. हा धंदा त्याला कर्जात घेऊन गेला, पण त्यानं तो पुरा केला. २००५ मध्ये युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा ठरवलं.

मराठी माणसानं इथे एक सनावळी आठवावी. प्लँटिननं दुकान मांडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १५५६ मध्ये, जेझुइट पाद्र्यांचा छापखाना गोव्यात उतरला. आशियातला हा पहिलाच युरोपीय धाटणीचा छापखाना. पण फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. आपल्या अक्षरांचे खिळे तयारच नव्हते. अँटवर्पच्या त्या भरलेल्या कप्प्यांसमोर उभं राहिलं, की लिपी खिळ्यांत उतरायला किती पैसा, किती कारागीर आणि किती हट्ट लागतो ते हाताशी दिसतं. पुढे आपल्याकडे बालबोध अक्षरांचे सुबक खिळे घडवणाऱ्यांविषयीचा आदर इथे दुणावतो.

[दृश्य : कॅथेड्रलचा मनोरा, खालून वर.]

तिथून कॅथेड्रल जवळच. बांधकाम १३५२ मध्ये सुरू झालं, आणि १२३ मीटरांचा मनोरा उभा राहायला जवळपास पावणेदोनशे वर्षं गेली. जोडीचा दुसरा मनोरा अर्धवटच राहिला, तोही बघा. आत रुबेन्सची प्रचंड चित्रं आहेत. ख्रिस्ताला क्रुसासकट उभारतानाचं आणि क्रुसावरून उतरवतानाचं, अशी दोन, डाव्या-उजव्या बाजूंना. पहिल्यात नऊ-दहा देहांचा जोर एका तिरप्या लाकडाला लागलेला. दुसऱ्यात पांढऱ्या वस्त्रावरून अलगद घसरणारं कलेवर, आणि ते सांभाळणारे हात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९४ मध्ये, फ्रेंचांनी ही चित्रं पॅरिसला नेली होती. नेपोलियनच्या पाडावानंतर ती परत आली.

बाहेर ग्रोटे मार्क्ट चौकात १५६५ चं नगरभवन आहे आणि समोर ब्राबोचं कारंजं. नदीवर जकात न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडणारा एक राक्षस होता, ब्राबोनं त्याचाच हात तोडून नदीत भिरकावला, अशी दंतकथा. म्हणून इथे हाताच्या आकाराची बिस्किटं आणि चॉकलेटं मिळतात.

[दृश्य : संध्याकाळ. कागदी द्रोणात बटाट्याच्या सळया, वर मेयोनीज.]

आता खाणं. इथल्या तळलेल्या बटाट्यांना ‘फ्रेंच’ म्हणू नका, बेल्जियन माणसाला लागतं. जाडसर कापलेले तुकडे दोनदा तळतात : आधी मंद आचेवर आतून शिजेपर्यंत, मग निववून कडक तापलेल्या चरबीत. चरबी हा शब्द मुद्दाम वापरला. पारंपरिक ठेल्यांवर बटाटे गोवंशाच्या चरबीत तळले जातात. शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. वनस्पती तेल वापरणारेही बरेच आहेत. मांसाहार चालत असेल तर ‘स्तोफव्लेस’ मागवा. काळपट बिअरमध्ये तासन् तास शिजवलेलं गोमांस, रश्श्यात विरघळलेला मोहरी लावलेला पाव. हंगामात शिंपल्यांची पातेलीच्या पातेली टेबलावर येतात. कोकणातल्या तिसऱ्यांवर वाढलेल्या माणसाला तो वास लगेच ओळखीचा वाटेल. मसाला मात्र नाही, सेलरी, कांदा आणि वाइन.

रात्र इथे उशिरा आणि शांतपणे रंगते. दिवसभराची गर्दी ब्रसेल्सच्या गाडीनं परत गेलेली असते. जुन्या लाकडी कॅफेत दिवे मंद असतात आणि बहुतेक जण ‘बोलेके’ मागवतात. म्हणजे दे कोनिंक या इथल्याच बिअरचा गोल पेला. बेल्जियममध्ये जवळजवळ प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा पेला असतो. मेल्कमार्क्टवरच्या ‘दे मूझ’ कॅफेत जॅझ वाजतं. मद्य घेत नसाल तरी जा, कॉफी मागवून बसा, कुणी हटकत नाही. उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी कॅथेड्रलच्या घंटांचं वादन असतं. ते ऐकायला लोक फ्लाइकेन्सगांग या सोळाव्या शतकातल्या बोळात खुर्च्या टाकून बसतात.

[दृश्य : लाकडी सरकता जिना. पांढऱ्या फरशांचा लांबच लांब बोगदा.]

जेवणानंतरची शतपावली नदीखालून करावी. १९३३ मध्ये झालेला सिंट आना बोगदा शेल्ड नदीच्या तळाखालून जातो. लांबी ५७२ मीटर. सरकते जिने अजून मूळचे, लाकडी पायऱ्यांचे. पैसे पडत नाहीत. सायकलवालेही तुमच्यासोबत असतात. पलीकडच्या काठावर वर आलात, की सगळं शहर दिव्यांनिशी समोर पसरलेलं असतं. अँटवर्पचं सगळ्यात चांगलं दर्शन अँटवर्पच्या बाहेरून होतं आणि तेही रात्री. दिवसाच्या पाहुण्यांना ते मिळत नाही.

[दृश्य : सकाळ. गोदीच्या पाण्यात लाल दगडाची उंच इमारत.]

दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या जुन्या गोदीकडे जा. ६० मीटर उंचीचं ‘मास’ संग्रहालय २०११ मध्ये उघडलं. त्याचा लाल वालुकाश्म भारतातून आणलेला आहे. गच्चीवर जायला तिकीट नाही. वरून बंदर दिसतं, तेव्हा या बंदराची काळी बाजूही सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड मोरेल हा जहाज कंपनीचा कारकून इथे कामाला येई. काँगोहून रबर आणि हस्तिदंतानं भरलेली जहाजं येतात आणि परत जाताना मुख्यतः बंदुका, दारूगोळा घेऊन जातात, हे त्यानं नोंदवह्यांत पाहिलं. तिथे व्यापार नसून वेठबिगारी आहे, हे त्याला त्यावरून कळलं. नोकरी सोडून त्यानं बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या काँगोतल्या राजवटीविरुद्ध मोहीम उभी केली. शहरातल्या देखण्या इमारती बघताना हे माहीत असलेलं बरं.

जवळच रेड स्टार लाइन संग्रहालय आहे. १८७३ ते १९३४ या काळात सुमारे वीस लाख माणसं या कंपनीच्या जहाजांनी अमेरिकेला गेली. त्यांची तपासणी झाली त्याच इमारती आज संग्रहालय आहेत.

परतीसाठी मुख्य स्थानकावरच जायला हवं असं नाही. वेळ असेल तर ट्रामनं झुरेनबोर्ख गाठा. कोगेल्स-ओसिलेई या रस्त्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची घरं आहेत, एकासारखं दुसरं नाही. रस्ता संपतो तिथून बेर्खेम स्थानक चालत काही मिनिटांवर, आणि ब्रसेल्स, गेंटच्या गाड्या तिथेही थांबतात.