टोंगाचा स्फोट आणि आयनांबरातील खळबळ

१५ जानेवारी २०२२. टोंगात संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. दक्षिण प्रशांत महासागरातील हुंगा टोंगा-हुंगा हापाई या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची राख व वाफ सुमारे ५७ किलोमीटर उंचीपर्यंत चढली. तो ढग साऱ्या जगाने पाहिला. परंतु त्याच्याही वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या आयनांबरात, जे घडले ते अधिक विलक्षण होते.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे विरळ हवेतील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या शेकडो किलोमीटर जाडीच्या थराला आयनांबर म्हणतात. जमीन किंवा समुद्राचा पृष्ठभाग अचानक हलला, की हवेत उठलेली लाट वरच्या दिशेनेही निघते आणि हवा जसजशी विरळ होत जाते तसतसा तिचा झोका वाढत जातो. त्यामुळे भर समुद्रात जहाजाला न जाणवणारी त्सुनामीसुद्धा वरच्या इलेक्ट्रॉनांची घनता बदलू शकते.

हा बदल मोजण्यासाठी जीपीएसचे उपग्रह उपयोगी पडतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते निरनिराळ्या वारंवारितांचे संदेश पाठवतात. आयनांबरातून येताना कमी वारंवारितेच्या संदेशाला अधिक विलंब होतो आणि या विलंबातील फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते, याचे गणित मांडता येते.

टोंगाच्या वेळी या गणिताने एक कोडे पुढे आणले. हवेच्या दाबाची लाट ताशी अकराशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जपानकडे निघाली होती. जपानवरील आयनांबर मात्र ती पोहोचण्याच्या सुमारे तीन तास आधीच हलू लागले. दक्षिण गोलार्धात, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, लाटेने निर्माण केलेले विद्युत क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून उत्तर गोलार्धात जपानपर्यंत पोहोचले होते, असे संशोधकांनी दाखवले.

नासाच्या आयकॉन उपग्रहाने त्यानंतरच्या काही तासांत अवकाशाच्या सीमेवर ताशी ७२० किलोमीटरपर्यंतचे वारे नोंदवले. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जेथे जमिनीला समांतर असतात त्या चुंबकीय विषुववृत्तालगत आयनांबरातून वाहणारा विद्युतप्रवाह नेहमीच्या पाचपट वाढला आणि त्याची दिशाही उलटली. हा प्रवाह भारताच्या दक्षिण टोकावरूनही जातो. आपल्याकडे त्याचे बळ तिरुनेलवेली आणि अलिबाग येथील चुंबकीय नोंदींच्या फरकावरून ठरवले जाते.

भूकंप होण्यापूर्वीच आयनांबर त्याची सूचना देते, असेही दावे केले जातात. त्यांवर विसंबावे इतका पुरावा अद्याप नाही. भूकंपानंतर उठलेल्या त्सुनामीची गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचाटका किनाऱ्याजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा उपग्रहांच्या संदेशांवरून आयनांबरातील असे बदल टिपणाऱ्या नासाच्या गार्डियन या प्रायोगिक प्रणालीने वीस मिनिटांच्या आत तज्ज्ञांच्या हाती माहिती दिली आणि लाटा हवाई बेटांवर पोहोचण्याच्या तीस ते चाळीस मिनिटे आधी त्सुनामीच्या खुणा टिपल्या.