सराईतली उधारीची वही

नमस्कार. रविवारची दुपार, जेवण झालेलं, आणि तरी तुम्ही सगळे इथे आलात. यातली निम्मी माणसं रोलप्लेइंगचं स्वतःचं टेबल चालवतात हे मला चेहऱ्यांवरूनच कळतंय. कोणी नवीन असेल तर: खेळाडू एकेक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, घेतात, गेम मास्टर त्यांच्यासमोर जग उभं करतो, आणि बोलत, फासे टाकत सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. एकेक बैठक म्हणजे सेशन. तर आधी एक विचारते, हात वर करा. सेशन संपल्यावर ग्रुपवर ‘पुढच्या वेळेपर्यंत सगळ्यांनी आपापली बॅकस्टोरी पाठवा’ असा मेसेज कोणी कोणी टाकलाय? बॅकस्टोरी म्हणजे कॅरेक्टरचं खेळाआधीचं आयुष्य. बरं. आता ज्यांना दोनपेक्षा जास्त बॅकस्टोऱ्या आल्या त्यांनीच हात वर ठेवा. एकच हात. ताई, जाण्याआधी मला भेटून जा, मला तुमच्याकडून शिकायचंय.

मला दिलेला विषय असा: दोन सेशनच्या मधल्या दिवसांत खेळाडूंकडून खेळात भर कशी घालून घ्यायची. संयोजकांनी ‘कशी’ या शब्दाखाली रेघ मारून दिलीय. तिथे येतेच, पण आधी मला तुम्हाला एका वहीबद्दल सांगायचंय, कारण मला जे काही कळलं ते त्या वहीतून कळलं. वही आणलीय. ही बघा.

आमचं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी एकच गोष्ट, पाच वर्षं चाललंय. पुण्यात, माझ्या घरी, दर दुसऱ्या रविवारी, सहा खेळाडू. सुरू करताना मी तेच केलं जे इथल्या बऱ्याच जणांनी केलं असेल. जग तयार केलं. चाळीस पानं. राजघराणी, देव, मिठाच्या व्यापाराचे रस्ते, कोणत्या खिंडीत कधी बर्फ पडतो ते. सगळ्यांना पाठवलं. कोणी वाचलं नाही. मला वाईट वाटलं, आणि ते वाटणं रास्तच होतं, तीन महिन्यांचं काम होतं ते. पण त्या चाळीस पानांत त्यांना बोट घालायला जागा नव्हती. सामानानं खच्चून भरलेल्या घरात पाहुणा जसा सोफ्याच्या टोकावर बसतो, तसे माझे खेळाडू माझ्या जगात बसले होते.

आमच्यातल्या एकाचं मार्केट यार्डात भुसाराचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. टेबलावर तो फार बोलत नाही. त्याचं कॅरेक्टर फायटर, लढवय्या. पाळी आली की फासा टाकणार, आकडा सांगणार, गप्प बसणार. हा लढाईपुरता येतो, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. एका मंगळवारी रात्री त्याच्याकडून मला अकरा फोटो आले. ग्रुपवर नाही, मला एकटीला. खाली एकच ओळ: ‘सराईतली उधारी. बघ चालतंय का.’

त्याने आमच्या खेळातल्या गावातल्या सराईची उधारीची वही लिहिली होती. दुकानातली जुनी कोरी वही घेऊन, ही अशी लांबडी, लाल कापडाच्या बांधणीची. पहिल्या पानावर मधोमध ‘श्री’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वाचून दाखवते.

‘मुशाफिर तीन. नाव सांगितले नाही. भाकरी ६, कालवण ३, मुक्काम १ रात्र. उत्तरेच्या वाटेने गेले. परतताना देतो म्हणाले. येणे बाकी.’

त्याखाली चार ओळींनी: ‘त्याच तिघांचा घोडा. चंदी ४ दिवस. पाचव्या दिवशी दावे तोडून गेला. उत्तरेकडेच.’

आणि हे ऐका: ‘चांभाराची मुलगी. मीठ अर्धा शेर. पैसे घेऊ नयेत. विहिरीचे बोलणार नाही म्हणाली.’

माझ्या चाळीस पानांत विहीर नव्हती. चांभार नव्हता. उत्तरेला काय आहे ते मी लिहिलं होतं, पण तिकडे जावंसं वाटेल असं काही त्यात नव्हतं. इथे एका घोड्याने ते केलं. आणि शेवटच्या पानावर आमचीच नोंद होती: ‘सहा जण. जेवले. घंटा वाजली म्हणून लढायला धावले. पैसे राहिले.’ हे आमच्या पहिल्या सेशनला घडलं होतं, अकरा महिन्यांपूर्वी. मी विसरले होते. बाकीचे पाच विसरले होते. जो बोलत नव्हता, त्याच्या मनात ते जेवण उधारीवर राहिलं होतं.

आणि मी काय केलं? ‘मस्त रे!’ असं लिहिलं, टाळ्यांचे तीन हात टाकले आणि झोपले. पुढच्या सेशनला माझ्याकडे एक तयार गुहा होती, ती मी चालवली. त्यानंतरच्याही. वहीचा शब्द निघाला नाही. त्याने विचारलं नाही, तो विचारणाऱ्यातला नाही. मग एकदा ‘सीझन आहे’ म्हणून आला नाही, मग पुढच्या वेळीही आला नाही. मला वाटलं, खरंच सीझन असेल.

चार महिन्यांनी फोन भरला म्हणून फोटो पुसत बसले होते, तेव्हा हे अकरा समोर आले. तेव्हा कुठे ते मी नीट वाचले. मंडळी, तुमच्यापैकी कोणी आपल्या लहान मुलाने शाळेतून आणलेलं चित्र बघायचं राहून गेलेलं असेल, तर तेव्हा कसं वाटतं ते मला सांगायला नको. मी त्याला रात्री साडेदहाला फोन केला. म्हटलं, ‘रविवारी ये. वही घेऊन ये. सराईचा मालक तू करायचास.’

त्या रविवारी मी फक्त एवढं म्हटलं: ‘तुम्ही सराईत शिरता. मालक तुमच्याकडे बघतो, आणि गल्ल्याखालून एक वही काढतो.’ त्याने ही वही टेबलावर आपटली. नकाशा, फासे, चिवड्याची वाटी, सगळं हललं. आणि म्हणाला, ‘बसा. आधी मागचं बघू.’

पुढे पावणेदोन तास कोणी फासा टाकला नाही. आमच्यातली एक विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळते, एरवी कॉलेजात फिजिक्स शिकवते, ती त्याच्याशी सहा भाकऱ्यांच्या हिशोबावरून भांडली. तो मार्केट यार्डातल्या आवाजात भांडला. मी त्याला आमच्या टेबलावर इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. मग कोणीतरी पान उलटलं, घोड्याची नोंद मोठ्यानं वाचली, आणि सगळे शांत झाले.

इथे एक आडवळण घेते, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तोवर आमच्या सराईत लोक एल, म्हणजे विलायती बिअर, प्यायचे, स्ट्यू खायचे आणि इंग्रजीत बोलायचे. आम्ही सगळे घरी मराठी बोलणारे, पण कॅरेक्टरच्या तोंडी इंग्रजीच यायचं, कारण पुस्तकं इंग्रजी. वहीत भाकरी आणि कालवण आलं त्या दिवसापासून गावाची भाषा बदलली. मी ठरवून हे केलं असतं, ‘चला आता मराठीत खेळू’ म्हटलं असतं, तर सगळे अवघडले असते. ते एका खेळाडूच्या हातून आलं म्हणून राहिलं. आज आमच्या खिंडीत बर्फ पडत नाही, दरडी कोसळतात.

तर त्या सेशननंतरच्या दोन आठवड्यांत मला काय काय आलं? चांभाराच्या मुलीचं पत्र. विहिरीचा काटछेद, पायऱ्या मोजून, आमच्या आर्किटेक्टने काढलेला. आणि हरवलेल्या तिघांपैकी एकाच्या आवाजात चाळीस सेकंदांची ऑडिओ क्लिप, मागे पाणी ठिबकतंय. मी कोणालाही काही मागितलं नव्हतं. त्यांनी फक्त बघितलं होतं, की एकाने दिलेली गोष्ट टेबलावर आली आणि तिच्यामुळे पुढचं घडलं.

आपला हा छंद मुळात असाच वाढलाय. डंजन्स अँड ड्रॅगन्स, आपल्या या खेळांतला पहिला छापील खेळ, त्याची पहिली आवृत्ती जानेवारी १९७४ मध्ये आली, हजार प्रती. पण त्याआधी, १९७१ पासून, अमेरिकेत मिनेसोटात, त्या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, आपल्या मित्रांबरोबर ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं कॅम्पेन खेळत होता. तो त्यांच्यासाठी एक बातमीपत्र काढायचा, ‘ब्लॅकमूर गॅझेट अँड रूमरमाँगर’. बातम्या आणि अफवा. आपल्या कॅरेक्टरने केलेला पराक्रम किंवा घोटाळा छापून आलेला वाचणं, याचं सुख वेगळंच. पुढे बेन रॉबिन्स नावाच्या गेम मास्टरने ‘वेस्ट मार्चेस’ नावाचं कॅम्पेन चालवलं, त्याबद्दल त्याने २००७ मध्ये लिहिलं. त्यात सेशन कधी आणि कुठे जायचं हे खेळाडूच ठरवायचे, परत आल्यावर काय सापडलं ते बाकीच्यांना लिहून कळवायचे, आणि गावातल्या खानावळीच्या टेबलावर कोरलेल्या एकाच नकाशात सगळे भर घालायचे. मधल्या दिवसांत लिहिणं हा तिथे गृहपाठ नव्हता. न लिहिलं तर पुढची टोळी आंधळी जाणार, म्हणून लिहायचं.

आणि आर्नेसनच्याही फार आधी, इंग्लंडात यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावातली ब्राँटे भावंडं, ज्यांतल्या बहिणी पुढे कादंबरीकार झाल्या. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन, चौघांनी त्या शिपायांना नावं दिली, त्यांच्यासाठी शहर वसवलं, आणि मग ब्रॅनवेल आणि शार्लटने त्या शिपायांना वाचता येतील अशी मासिकं लिहिली. काडेपेटीएवढी, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत, पानं सुईदोऱ्याने शिवलेली. आत कथा, कविता, अगदी जाहिरातीसुद्धा. आपण दिवाळीत किल्ला करतो, मावळे मांडतो, तेव्हा शेजारच्या मुलाने आणलेला वाघ आपल्या किल्ल्यावर कुठेतरी बसवतोच ना? तो वाघ मावळ्यापेक्षा मोठा असला तरी बसवतो. कारण तो बसवला नाही तर तो मुलगा उद्या माती आणणार नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. बरं, मग ‘कशी’ आता भराभर सांगते, लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

ग्रुपवर मागू नका. सगळ्यांना मागितलेलं कोणालाच मागितलेलं नसतं. एकाला विचारा, नाव घेऊन, एकच प्रश्न, दोन ओळींत उत्तर देता येईल असा. ‘तुझ्या बॅकस्टोरीत अजून काही?’ असं नको. ‘तुझ्या धनुर्धारीला घरून शेवटचं पत्र आलं, त्यात पैशांबद्दल काय होतं?’ असं विचारा. उत्तर लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप करता आलं पाहिजे. आणि सेशननंतर दोन दिवसांत विचारा, अजून डोक्यात फासे वाजत असतात तेव्हा. दहाव्या दिवशी विचारलंत तर ऑफिसचा मेल आल्यासारखं वाटतं.

आलेली गोष्ट पुढच्याच सेशनला वापरा, पहिल्या अर्ध्या तासात, आणि शक्यतो दुसऱ्या खेळाडूच्या हातात द्या. ज्याने लिहिलं त्याला ते परत वाचून दाखवण्यात मजा नाही. बाकीचे त्यावरून भांडतात तेव्हा मजा आहे. पूर्ण वापरता येत नसेल तर एक शब्द वापरा, पण टेबलावर आणा. तेवढीही जागा नसेल तर त्या आठवड्यात मागूच नका. मागून न वापरणं हे न मागण्यापेक्षा फार वाईट, हे मी चार महिने केलंय.

बक्षिसाबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर भांडू. ॲम्बर डाइसलेस, फाशांशिवायचा रोलप्लेइंग खेळ, १९९१, कर्ता एरिक वुजिक. त्यात कॅरेक्टर करायला १०० गुण मिळतात, आणि कॅम्पेनची डायरी लिहीन, चित्रं काढीन असं कबूल केलंत तर वर आणखी गुण. खेळ म्हणून मला तो फार आवडतो. पण माझ्या टेबलावर एकीला आठ महिन्यांचं बाळ आहे, एक सीएच्या परीक्षेला बसतोय. लिहिणाऱ्याला एक्सपी, म्हणजे कॅरेक्टर वाढवणारे अनुभवाचे गुण, दिले तर ही दोघं दर पंधरवड्याला मागे पडणार, आणि तेही घरी झोप नाही म्हणून. गुण देऊ नका. जे लिहिलं ते खरं होतं, हेच द्या.

ते जगाशी जुळलं नाही तर? कोणी लिहून पाठवलं की राजा मेलाय, आणि तुम्हाला राजा हवाय. खोडू नका, अफवा करा. गावात कोणीतरी तसं म्हणतंय, एवढंच. आर्नेसनच्या बातमीपत्राच्या नावातच अफवा होती.

जे लिहीत नाहीत त्यांना लिहायला लावू नका. आमच्यातला एक जण लुटीचा हिशोब ठेवतो, एक नकाशा घरी नेतो आणि शाईने पक्का करून आणतो. बाळवाली मैत्रीण एका सेशनला सराईतलं कालवण करून घेऊन आली. खरंखुरं, डब्यात. ती भरच आहे. आणि मधल्या दिवसांचा खेळ पुस्तकात शोधायचा असेल तर ग्रेग स्टॅफर्डचा १९८५ चा पेंड्रॅगन हा सरदारांचा खेळ बघा. त्यात साहसाच्या शेवटी हिवाळा येतो. पीक कसं आलं, घोडा जगला का, मूल झालं का, एवढंच ठरवायचं. मी आता दर सेशनच्या शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठी राखते, आणि तिथूनच त्या आठवड्याचा प्रश्न मिळतो.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर घेऊ, हॉल पाच वाजता द्यायचाय. वही इथे टेबलावर ठेवते, हाताळून बघा. दुकानदार तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव सांगणार नाही, त्याला आवडणार नाही. शेवटचं पान जपून उलटा, शिवण सुटत आलीय. आमच्या सहा जेवणांचे पैसे तिथे अजून बाकी आहेत. आम्ही ते मुद्दाम फेडलेले नाहीत.