पासुबिओचे ५२ बोगदे: खेचरांसाठी कोरलेली वाट

हा जो काळोख दिसतोय ना समोर, हा बोगदा नंबर १९. लांबी साधारण ३२० मीटर. आत शिरल्यावर थोड्याच पावलांत हेडटॉर्च लावावाच लागतो, कारण वाट सरळ नाहीये, ती डोंगराच्या आतल्या आत वळते आणि वळता वळता वर चढते, पायाखाली ओला दगड, डोक्यावर ठिबकणारं छत, आणि छत सगळीकडे सारखं उंच नाही म्हणून हेल्मेट घालूनच या असं इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

या वाटेवर असे एकूण ५२ बोगदे आहेत. प्रत्येकाच्या तोंडाशी त्याचा नंबर आणि त्याचं नाव लिहिलंय. वाट साधारण साडेसहा किलोमीटरची, त्यातले जवळपास २.३ किलोमीटर डोंगराच्या पोटातून आणि बाकीचे कड्याच्या अंगावरून, जिथे एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

हे आहे मॉन्ते पासुबिओ. उत्तर इटलीत, विचेंझा शहराच्या वायव्येला. आज हा डोंगर विचेंझा आणि त्रेन्तो या दोन प्रांतांच्या हद्दीवर येतो, पण १९१५ साली इथे दोन देशांची सरहद्द होती, अलीकडे इटली आणि पलीकडे ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य.

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यापुढे फ्रान्समधला चिखल आणि त्यातले खंदक येतात. पण २४ मे १९१५ पासून इटली युद्धात उतरली आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत साधारण ६०० किलोमीटरचा फ्रंट उघडला, आणि त्यातला केवढा तरी भाग असा डोंगरातला होता, दोन-दोन तीन-तीन हजार मीटर उंचीवर, जिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो. तिथे माणसं नुसती चढून गेली नाहीत तर वर्षानुवर्षं राहिली. दोन हिवाळे, तीन हिवाळे. आपण सह्याद्रीत जानेवारीत एखादी रात्र उघड्यावर काढली तरी सकाळी बोटं वाकत नाहीत, इथल्या हिवाळ्याचा अंदाज त्यावरून बांधता येणार नाही.

मे १९१६ मध्ये ऑस्ट्रियाने याच भागात प्रचंड मोठा हल्ला केला. १५ मेला सुरुवात झाली. विचार असा होता की डोंगर ओलांडून खालच्या सपाटीवर उतरायचं, आणि तिकडे पूर्वेला इसोन्झो नदीवर जी इटलीची मुख्य फौज लढत होती तिला मागून कोंडायचं. ते जमलं असतं तर इटलीचं काही खरं नव्हतं. आणि ते ज्या मोजक्या ठिकाणी अडलं त्यातलं एक म्हणजे हा पासुबिओ. इटालियन सैनिक इथे वरच्या पठारावर चिकटून राहिले, ऑस्ट्रियन समोर चिकटून राहिले, आणि मग १९१८ पर्यंत दोघंही तिथून फारसे हलले नाहीत.

आता इथेच खरी गोष्ट सुरू होते, आणि मला वाटतं युद्धाच्या गोष्टी सांगताना ती नेहमी राहून जाते. वर हजारो माणसं बसवली, ठीक आहे. पण त्यांना खायला कोण देणार? भाकरी, म्हणजे त्यांचा पाव, तो वर जायला हवा, सरपण वर जायला हवं, खंदकांना लाकडं, काटेरी तारा, औषधं, कांबळी, आणि रोजचा दारूगोळा, आणि जखमी झालेला माणूस खाली यायला हवा, जिवंत असेपर्यंत. तोफेला गोळा लागतो, गोळ्याला खेचर लागतं आणि खेचराला वाट.

वाट होती एक. स्कारुब्बी नावाचा रस्ता, आजही आहे, आपण उतरताना त्यानेच उतरणार आहोत. रुंद, वळणावळणाचा, गाडीरस्त्यासारखा. पण त्याचा काही भाग ऑस्ट्रियन तोफांच्या टप्प्यात येत होता. आणि थंडीत त्याच्यावर हिमकडे कोसळायचे. १९१६-१७ चा हिवाळा तर या सगळ्या पट्ट्यात भयंकर गेला. १३ डिसेंबर १९१६ ला इथून उत्तरेला मार्मोलादा पर्वतावर एकाच हिमकड्याखाली साधारण २७० ऑस्ट्रियन सैनिक गाडले गेले, शत्रूची एकही गोळी न लागता.

म्हणून मग ठरलं की डोंगराच्या अशा बाजूने वाट काढायची जी समोरच्याला दिसणारच नाही, म्हणजे ही दक्षिणेची बाजू. आता हे बघा. दिसतोय का कडा? सुळके, मध्ये घळी, परत सुळके, सरळ तुटलेले. इथे वाट नव्हतीच, आणि निघेल असं वाटण्यासारखंही काही नव्हतं. त्या वाटेने हिवाळ्यात, रात्री-अपरात्री, सामान लादलेली खेचरं जायला हवी होती.

फेब्रुवारी १९१७ मध्ये काम सुरू झालं, म्हणजे भर बर्फात. इटालियन सैन्याची ३३वी सुरुंग कंपनी, आणि त्यांच्या मदतीला कामगारांच्या तुकड्या, सगळी मिळून साधारण ६०० माणसं. आखणी करणारा लेफ्टनंट जुझेप्पे झाप्पा, पुढे कंपनीची सूत्रं कॅप्टन कोर्रादो पिकोने यांच्याकडे आली. पहिल्या बोगद्याला झाप्पाचंच नाव दिलंय. आणि नोव्हेंबर संपता संपता, म्हणजे धरून चाला दहा महिन्यांत, वाट तयार. ५२ बोगदे. दहा महिन्यांत.

काम कसं व्हायचं ते सोपं करून सांगतो. दगडात भोकं पाडायची, कुठे दाबलेल्या हवेवर चालणारं ड्रिल आणि कुठे नुसती पहार आणि घण. भोकात सुरुंग ठासायचा, लांब जायचं, उडवायचा. मग धूर जाईपर्यंत थांबायचं, आत जाऊन सुटलेला दगड बाहेर काढायचा आणि दरीत ढकलायचा, की परत भोकं पाडायला घ्यायची. बोगद्यात भिंतीजवळ टॉर्च आडवा धरा, म्हणजे प्रकाश भिंतीला घासून जाईल असा, आणि नीट बघा, दगडात अर्धगोल पन्हळीसारख्या खाचा दिसतील, अंगठ्यापेक्षा थोड्या जाड, हातभर लांब. त्या ड्रिलच्या खुणा आहेत. सुरुंगाने अर्धं भोक उडवून नेलं आणि अर्धं भिंतीत राहिलं. त्यात बोट घालून बघा, आतून अजून गुळगुळीत लागतं. मला या सगळ्या ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ही खाच, कारण ती कुठल्या जनरलची नाही, ज्याने ती पहार धरली होती त्याची आहे आणि त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

लांब बोगद्यांना मध्ये मध्ये अशा खिडक्या ठेवल्यात. उजेड आणि हवा यायला, आणि काम चालू असताना मलबा बाहेर टाकायलाही. खिडकीतून डोकवा जरूर, पण पाठीवरची सॅक आधी काढून ठेवा आणि कठडा नाही हे लक्षात असू द्या.

रुंदी बघा वाटेची. कमीत कमी दोन मीटरच्या वर. दोन लादलेली खेचरं समोरासमोर आली तर एकमेकांना पार करून जाता यायला हवीत हा हिशोब. आणि चढ सरासरी १२ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला बारा मीटर वर, कारण लादलेल्या जनावराला त्याहून फार तिखट चढ झेपत नाही. त्यामुळे आज चालताना दम लागतो पण छाती फुटत नाही. नाणेघाट ज्यांनी केलाय त्यांना हे लगेच कळेल, तिथेही कातळ फोडून काढलेली वाट मुळात बैलांच्या तांड्यांसाठी होती, माणूस त्यांच्या मागून चालला. असल्या वाटा पावलांना आपोआप कळतात.

आणि हा बोगदा नंबर २०. हा मला तरी सगळ्यात कमालीचा वाटतो. पुढे जायला जागाच नव्हती, समोर नुसता एक सुळका उभा. मग त्यांनी काय केलं, सुळक्याच्या आत शिरले आणि मिनाराच्या जिन्यासारखे आतल्या आत गोल फिरत वर निघाले. चालताना दिशा पार हरवते, आपण डोंगराकडे तोंड करून आहोत की दरीकडे काही समजत नाही, आणि एकदम उजेड येतो तेव्हा आपण बऱ्याच वरच्या पातळीवर बाहेर पडलेलो असतो.

सुरुवात बोक्केता काम्पीलिया नावाच्या खिंडीतून होते, उंची १२१६ मीटर. वाट फोर्नी आल्तीच्या कड्यांवरून वर वर जात साधारण २००० मीटरला टेकते आणि मग थोडी उतरून पोर्ते देल पासुबिओला येते, १९२८ मीटरवर. बहुतेकांना तीन तासांच्या आसपास लागतात, थांबत गेलात तर जास्त, आणि थांबतच जा.

पोर्ते देल पासुबिओला आज जी ही हट, म्हणजे ट्रेकर्सचं मुक्कामाचं घर, दिसते तिचं नाव जनरल आकिल्ले पापा यांच्यावरून ठेवलंय. हे इथे पासुबिओवर लढले आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये तिकडे पूर्वेला बाइनसित्झाच्या पठारावर मारले गेले. युद्धाच्या काळात या जागी कड्याला टेकून लाकडी बराकींची अख्खी वसाहत उभी होती, आणि सैनिकांनी तिला नाव दिलेलं, एल मिलानिन, छोटं मिलान. सगळं सामान इथे उतरायचं आणि इथून पुढे माणसांच्या पाठीवर.

पुढे म्हणजे कुठे, तर दातांकडे. हटपासून वर चालत राहिलं की पठाराच्या माथ्यावर दोन कातळ समोरासमोर दिसतात, एकाचं नाव इटालियन दात आणि दुसऱ्याचं ऑस्ट्रियन दात. मध्ये एक छोटी खिंड, हाकेच्या अंतरावर दोन्ही फौजा. ऑक्टोबर १९१६ मध्ये इटालियन सैन्याने समोरचा दात घ्यायचा जोरात प्रयत्न केला, माणसं खूप गेली, बर्फ पडला, थांबलं. वरून जमत नाही म्हटल्यावर दोघांनीही खालून सुरुवात केली. शत्रूच्या कातळाखाली बोगदा न्यायचा, स्फोटकं भरायची आणि कातळच उडवायचा. समोरचाही तेच करतोय हे दोघांना माहीत. त्यामुळे आत माणसं कान लावून बसायची. पलीकडून खणल्याचा आवाज येतोय तोवर बरं. आवाज थांबला की समजायचं, आता भरताहेत.

सप्टेंबर १९१७ पासून एकामागून एक सुरुंग उडाले, कधी यांचे कधी त्यांचे. शेवटचा १३ मार्च १९१८ ला पहाटे, ऑस्ट्रियाने इटालियन दाताखाली ५०,००० किलो स्फोटकं उडवली. दाताचा पुढचा भागच गेला. तो दगडांचा ढीग आजही तसाच पडलाय, हे सगळं जे पसरलेलं दिसतंय ना ते त्या पहाटेचं आहे, आणि त्याच्यावर आता गवत आणि छोटी पिवळी फुलं. फ्रंट मात्र होता तिथेच राहिला. इतकं सगळं करून.

या माथ्याचा भाग १९२२ साली इटलीने संरक्षित पवित्र भूमी म्हणून जाहीर केला. त्यामुळे खंदक, बंकर, गंजलेली तार, काहीही दिसलं तर बघा, फोटो काढा, हात लावू नका आणि उचलून तर मुळीच आणू नका. आणि न फुटलेला गोळा दिसला तर लांबूनच मागे फिरा आणि हटवर जाऊन सांगा.

इथून पश्चिमेला जो कडा दिसतो तो कोर्नो बात्तिस्ती. चेझारे बात्तिस्ती त्रेन्तोचा, म्हणजे कागदोपत्री ऑस्ट्रियाचा नागरिक, व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेलेला, पण मनाने इटालियन आणि लढला इटलीकडून. १० जुलै १९१६ ला त्या कड्यावर फाबिओ फिल्झी या साथीदारासोबत पकडला गेला आणि दोनच दिवसांनी दोघांना त्रेन्तोच्या किल्ल्यात फाशी दिली.

आपले मराठे इथे लढले का असं कमेंटमध्ये हमखास कोणीतरी विचारेल म्हणून आत्ताच सांगतो, इटलीत मराठे लढले ते पुढच्या महायुद्धात. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, यांना वीरमरण आलं तीही तारीख १० जुलैच, साल १९४४, पण जागा इथून बरीच दक्षिणेला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तिकडे मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालंय. इटलीला गेलात तर तिथेही जाऊन या, आपल्या माणसासाठी.

उतरताना परत बोगद्यांतून येऊ नका, वर येणाऱ्यांची गर्दी असते. स्कारुब्बीने उतरा, लांब आहे पण गुडघ्यांना बरा. आणि उतरताना मान वर करून बघत राहा, तोफा कुठून लागायच्या ते कळतं. खाली पियान देल्ले फुगात्झे खिंडीजवळ टेकडीवर उंच मनोऱ्यासारखं स्मारक आहे, १९२६ सालचं, त्यात पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या अस्थी ठेवल्यात. बहुतेक इटालियन आणि थोडे समोरच्या बाजूचेही, एकाच छताखाली. वेळ काढून जा.

बाकी जायचं कसं, तर विचेंझाहून स्कीओपर्यंत ट्रेन आहे, पुढे बोक्केता काम्पीलियाच्या खिंडीपर्यंत स्वतःची गाडी असलेली बरी. बर्फ वितळल्यावर म्हणजे जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला, त्याआधी बोगद्यांच्या तोंडाशी बर्फ गोठलेला असतो आणि तो दिसतो त्यापेक्षा फार वाईट असतो. सायकलला या वाटेवर बंदी आहे, अपघातांत माणसं गेली म्हणून, तेव्हा कोणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी नेऊ नका. हेडटॉर्च प्रत्येकाकडे वेगळा हवा, मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नका, एक हात मोकळा लागतोच. आणि एका दिवसात बोगदे आणि दात दोन्ही उरकायला गेलात तर दोन्हींची घाई होते, त्यापेक्षा पापा हटमध्ये आधी बुकिंग करून रात्रीचा मुक्काम करा आणि दात सकाळी बघा.