मिरर नासमधली डिस्क बदलताना जपायची ती दुसरी डिस्क

नासवरचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवणाऱ्या डिस्कपेटीवरचा, एक दिवा नारिंगी होतो, बीप सुरू होते आणि आपला हात थेट ट्रेच्या खटक्याकडे जातो. तिथेच थांबा. दोन डिस्कच्या मिररमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये, तोच डेटा दोन्हीकडे लिहिलेला असतो. एक डिस्क गेली की एकच प्रत उरते आणि रीबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर दुसरी प्रत पुन्हा उभी करताना, तीच प्रत पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यापासून) शेवटच्यापर्यंत सलग वाचली जाते. दोन्ही डिस्क बहुधा एकाच दिवशी बसवलेल्या, सारख्याच चाललेल्या असतात. त्यामुळे लक्ष सगळं बिघडलेल्या डिस्ककडे असलं, तरी जपायला हवी ती दुसरी.

आधी स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचा, अहवाल दोन्ही डिस्कचा काढा. ५ क्रमांकाच्या नोंदीत बदली दिलेले सेक्टर मोजलेले असतात, १९७ मध्ये वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले, १९८ मध्ये तपासणीत वाचताच न आलेले. कच्चा आकडा पाहा आणि तो वाढतो आहे का ते पाहा. दर आठवड्याला वाढणारा छोटा आकडा हा वर्षभर स्थिर असलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा वाईट. १९९ ची गोष्ट मात्र वेगळी. ती डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाहतुकीची चूक मोजते. कारण बहुतेकदा सैल केबल किंवा नीट न बसलेला ट्रे असतो. तेवढीच वाढत असेल तर नवी डिस्क आणण्याआधी ट्रे काढून पुन्हा बसवा.

मग बॅकअप. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. अत्यावश्यक फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि आजारी डिस्क तोवर आतच राहू द्या. चांगल्या डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर तो कदाचित आजारी डिस्कवर शाबूत असतो आणि नास तिथून उचलतो. डिस्क काढली की ही सोय संपली. तिसरा बे, म्हणजे डिस्कचा कप्पा, मोकळा असेल तर फारच छान: लिनक्सच्या एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या साधनात जुनी डिस्क चालू ठेवून नवीवर नक्कल करता येते, झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्येही.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. एका सेक्टरनेही लहान असली तर नास ती नाकारू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सीएमआर असावी, तिच्यातले ट्रॅक (डेटा लिहिण्याच्या गोल रेघा) सुटे असावेत. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण रीबिल्डच्या सलग लिखाणात वेग कोसळू शकतो आणि कधी कधी नास डिस्कच बाद ठरवतो. नासची म्हणून विकली जाते एवढ्यावर विसंबू नका: वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या तक्त्यात ताडून पाहा.

डिस्क काढताना बे क्रमांकावर भरवसा नको. सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं आणि पेटीवर एकपासून छापलेलं असतं, असं होतं. सीरियल क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि डिस्कच्या लेबलाशी जुळवा. हॉट-स्वॅपची, म्हणजे नास चालू असताना डिस्क बदलता येण्याची, खात्री नसेल तर नास रीतसर बंद करा. चालू नासमधून काढत असाल तर आधी सॉफ्टवेअरमधून डिस्क बाद करा, मग ट्रे दोन बोटं बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबा. प्लॅटर, म्हणजे आतल्या चकत्या, फिरायच्या थांबू द्या, मग पूर्ण उचला.

नवी डिस्क बसली की पडद्यावर ‘दुरुस्त करा’ किंवा ‘रीबिल्ड’ निवडा. ‘नवा व्हॉल्यूम बनवा’ किंवा ‘इनिशियलाइझ’ला हात लावू नका. लिनक्समध्ये मिररची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये एक ‘यू’ आणि शेजारी खालची रेघ दिसते. काम पुरं झालं की त्या रेघेच्या जागी दुसरा ‘यू’ येतो. वेळेचा हिशोब सोपा आहे. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली तर साडेसात तासांच्या आसपास. आतल्या ट्रॅकवर वेग घटतो, म्हणून प्रत्यक्षात जास्तच धरा. एमडी, म्हणजे लिनक्सचं रेड, रिकामी जागाही भरतं. झेडएफएस फक्त वापरातला भाग. या काळात नास यूपीएसवर ठेवा आणि मोठ्या फाइली हलवू नका.

रीबिल्ड एकाच टक्क्यावर पुन्हा पुन्हा अडत असेल तर दुखणं बहुधा चांगल्या म्हणवणाऱ्या डिस्कवर असतं. पुन्हा सुरू करत बसलात तर तिलाच झिजवाल. नास बंद करा, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने, मॅप फाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) ठेवून, कोऱ्या डिस्कवर उतरवा. ते हत्यार सहज वाचता येणारा भाग आधी घेतं आणि अवघड जागा शेवटी.

रीबिल्ड झाल्यावर एक पूर्ण स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणी, चालवा आणि पुढे तो महिन्यातून एकदा ठरवून टाका. नवी डिस्क मोठी असेल तर वाढीव जागा दुसरीही बदलेपर्यंत वापरता येत नाही. काढलेल्या डिस्कवर मात्र तुमचा सगळा डेटा अजून जसाच्या तसा आहे. वॉरंटीत पाठवण्याआधी, ती चालत असेल तोवर, पूर्ण शून्यांनी भरा. चालतच नसेल आणि डेटा खाजगी असेल तर वॉरंटी सोडा आणि प्लॅटर फोडा.