रविवारची फियाट
(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : पहाट. जुन्या वाड्याचं दार, कडी, आत अंधारात ताडपत्री.]

सांगली. गावभाग. पहाटेचे साडेपाच.

ही कडी महिन्यातून एकदा निघते. फार तर दोनदा.

ताडपत्री मागं सरकते तशी आधी जाळी दिसते, मग दोन गोल दिवे, मग बॉनेट. रंग दुधी. उजव्या मडगार्डवर तळहाताएवढा पॅच जरा जास्तच पांढरा आहे. तो कशाचा, ते पुढं येईल.

प्रीमियर पद्मिनी. हे नाव कंपनीनं ठेवलेलं. सांगलीत हिला पद्मिनी म्हणणारा माणूस आम्हाला तरी भेटला नाही. आधीच्या गोलमटोल मॉडेलला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. ही आली ती नुसती फियाट.

[दृश्य : तात्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं काच पुसताना.]

हे तात्या. वय एकाहत्तर. वडील हळदीचे अडते, गाडी वडिलांनी घेतलेली. घेतली म्हणजे शोरूममध्ये गेले आणि चावी घेऊन आले, असं नव्हे. तेव्हा नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वाट बघायची.

तात्या (बाईट) : "नंबर लावला तवा मी हायस्कुलात हुतो. गाडी दारात आली तवा कॉलेज संपत आलं हुतं. आबा म्हणायचे, पोरगं पुढं सरकलं, नंबर काय सरकंना."

गाडीला पन्नाशी होऊन गेली. गेल्या वर्षभरात ती एकशे तीस किलोमीटर चालली. नोंदणीची मुदत संपत आलीय. आणि महिन्याभरापासून पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन येतोय.

ठेवायची, का द्यायची?

[दृश्य : बॉनेट उघडतं. टॉर्चचा उजेड.]

त्याआधी गाडी सुरू तर व्हायला हवी.

सगळ्यात आधी बॅटरी. गेल्या खेपेला सोडवून ठेवलेली तार परत आवळायची. मग उंदीर. पावसाळ्यात एअर फिल्टरच्या कडेला सुतळी, कापूस आणि मागच्या वर्षीच्या पंचांगाची पानं निघाली होती, म्हणून टॉर्च आधी तिथं फिरतो. मग ऑइलची पट्टी ओढून पुसायची, परत घालायची, परत बघायची. रेडिएटरचं झाकण. चाकांतली हवा. तात्या हे सगळं ठरलेल्या क्रमानं करतात, मधेच कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करतात. आम्ही एकदा बोललो.

[दृश्य : औषधाच्या बाटलीचं टोपण, त्यात पेट्रोल. अगदी जवळून.]

आता हे टोपण. इंजिनात जाण्याआधी हवा आणि पेट्रोल जिथं मिसळतं, तो कार्बोरेटर. महिनाभर उभ्या गाडीत त्यातलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पेट्रोल चढवणारा पंप चालतो इंजिनावर. म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल चढत नाही आणि पेट्रोल चढल्याशिवाय इंजिन लागत नाही. या पेचावर तात्यांच्या आबांनी काढलेला तोडगा अजून चालतो : खोकल्याच्या औषधाचं टोपण, टोपणभर पेट्रोल, वरून कार्बोरेटरमध्ये.

डॅशबोर्डवरचं चोकचं बटण बाहेर. म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. थंड इंजिनाला सकाळी तेच लागतं.

चावी.

[दृश्य : स्टार्टरचा मूळ आवाज. निवेदन थांबतं.]

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदाही नाही.

[इंजिन लागतं. एक्झॉस्टचा पांढरा धूर दारातून गल्लीत. शेजारच्या खिडकीचं दार उघडतं. दहा सेकंद तसंच.]

चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद चाळीसेक घोड्यांची. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, ज्याला आपण हँडगिअर म्हणायचो. पुढची सीट बाकासारखी सलग, तिघं दाटीवाटीनं बसतात. दारांच्या काचांना ती छोटी त्रिकोणी काच. ती तिरकी केली की वारं थेट तोंडावर येतं. एसीची आठवण होत नाही; निदान पहाटे तरी.

[दृश्य : हरिपूरचा रस्ता, गाडीतून. मग बाहेरून.]

गाडी जाते हरिपूरला. दरवेळी हरिपूरलाच.

कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात तिथं संगमेश्वराचं देऊळ आहे. पण आबांची गाडी या रस्त्याला लागली ती देवासाठी नाही, हळदीसाठी. हरिपुरात पेवं होती. जमिनीत खणलेली कोठारं : तोंड अरुंद, पोट रुंद, आत हळदीची साठवण. या मातीत हळकुंड वर्षानुवर्षं कीड न लागता राहायचं. सांगलीच्या पेठेत भाव पडला की माल पेवात, चढला की बाहेर. आबा माल बघायला यायचे, मागच्या सीटवर नमुन्याच्या पिशव्या. २००५च्या पुरानं पेवांत पाणी शिरलं. आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो.

तात्या (बाईट) : "काम न्हाई आता हितं. पर गाडी काढली की चाक हिकडंच वळतंय."

[दृश्य : संगम. गाडी उभी. तात्या चहा पिताना, पाठमोरे.]

[दृश्य : जुनी छायाचित्रं. विश्रामबाग, कॉलेजचं प्रवेशद्वार.]

सांगलीत 'वालचंद' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कॉलेज येतं. १९४७ साली सुरू झालेल्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला पुढं वालचंद हिराचंदांचं नाव मिळालं. पण ज्या दारावरून सांगलीची पोरं वर्षानुवर्षं सायकली हाणत गेली, त्यावरचं नाव आणि या बॉनेटमागचा माणूस एकच, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

वालचंद हिराचंद दोशी. जन्म १८८२, सोलापूर. आधी रेल्वेची कंत्राटं. मग १९१९मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, ब्रिटिश कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. १९४०मध्ये बंगळुरात विमानाचा कारखाना. १९४१मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी. आणि मोटार? मोटारीचा नाद त्यांनी दहा वर्षं धरला होता. परकीय सरकारला हिंदुस्थानात गाडी बनावी असं मुळीच वाटत नव्हतं. अखेर १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, ती अमेरिकी क्रायस्लरच्या मदतीनं. इटलीच्या फियाटशी जोडी नंतरची. वालचंद १९५३मध्ये गेले. या दुधी गाडीचं मॉडेल त्यांनी पाहिलंच नाही.

फियाट अकराशे, मग डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७०च्या दशकात पद्मिनी. नावं बदलत गेली, गाडी फारशी बदलली नाही. डिसेंबर १९८३मध्ये मारुती आली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

[दृश्य : शंभरफुटी रस्ता. गॅरेज. काळे हात.]

शंभरफुटी रस्त्यावरच्या या गॅरेजमध्ये फियाटला हात लावणारा एकच माणूस उरलाय. नाव सांगू नका म्हणाले. गिऱ्हाईक वाढलं तर झेपायचं नाही. आपण मिस्त्री म्हणू.

मिस्त्री (बाईट) : "तात्या, हिला रोग फकस्त उभं राहण्याचा हाय. रोज चालवा, मला पैसं द्यायला लागायचं न्हाईत."

आणि मग ते कार्बोरेटर उघडतात.

[दृश्य : फ्लोटची वाटी. तळाला पांढरी पूड. रबरी पाइप बोटात दाबून दाखवताना.]

ही पांढरी पूड बघा. आणि हा रबरी पाइप, फुगून मऊ झालेला. यामागचं कारण याच जिल्ह्याच्या शेतात उगवतं.

[दृश्य : उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. कारखान्याची चिमणी.]

ऊस, उसाची मळी, मळीपासून इथेनॉल. आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळतं, देशाचं खनिज तेल वाचतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण या गाडीचे पाइप, वायसर आणि पंपातला पडदा ज्या रबराचे केलेत, त्याला इथेनॉल माहीतच नव्हतं. ते रबर फुगतं, सैल होतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोजच्या गाडीत ते पेट्रोल दोन दिवसांत जळून जातं. महिनाभर उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. मग टाकीला आतून गंज, कार्बोरेटरला ही पूड. तात्यांच्या भावाचा ऊस कारखान्याला जातो. म्हणजे घरचाच ऊस घरच्याच गाडीला खातोय, असं मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसले.

उपाय आहे. नव्या रबराचे पाइप घालायचे, पंपातला पडदा बदलायचा, आणि टाकीत पेट्रोल ठेवायचं ते महिन्यात जळेल तेवढंच.

[दृश्य : मिस्त्री जेटमधून फुंकर मारताना. पॉइंट घासताना. फिलर गेज. प्लग पेटून दाखवताना ठिणगी.]

जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला तुकडा, उजेडाकडं धरून बघायचा, आरपार दिसलं पाहिजे. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डबीचं, झाकण काढायचं, आतले पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेजच्या पातळ पट्टीनं त्यांच्यातली फट जुळवायची. या गाडीत संगणक नाही, सेन्सर नाही. बिघाड कानाला ऐकू येतो, नाकाला वास येतो. मिस्त्रींकडं शिकायला आलेली दोन पोरं सहा महिन्यांत दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. त्यांच्यानंतर हे काम कोण करणार, हा प्रश्न आम्ही विचारला. त्यांनी प्लग बसवला आणि गाडी सुरू केली.

[इंजिनचा आवाज. एका लयीत.]

[दृश्य : वाड्याची ओसरी. कागद पसरलेले.]

आता कागद.

जुन्या गाडीला आज दोन वाटा आहेत. एक नेहमीची : दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण. एप्रिल २०२२पर्यंत मोटारीसाठी ही फी ६०० रुपये होती, मग ५,००० झाली. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. वर पर्यावरण कर आणि विमा.

दुसरी वाट व्हिंटेजची. जुलै २०२१च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, सांगाडा आणि इंजिन न बदललेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या खेपेला ५,०००. नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरं. हिशेब घातला तर हीच वाट स्वस्त. गाडी बसतेही नियमात.

पण अट वाचा. व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, किंवा पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला न्यायची म्हणून. नेहमीच्या वापराला बंदी.

हरिपूरला जाऊन चहा पिणं या यादीत नाही.

(हे निवेदन लिहिणाऱ्याच्या बोळातही एक जुनी स्कूटर उभी आहे. तेव्हा आमचं मत तटस्थ आहे असं कुणी समजू नये.)

[दृश्य : भिंतीवरची पाण्याची रेघ. तात्यांचा हात त्या रेघेवर.]

ही रेघ ऑगस्ट २०१९ची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी गल्लीत यायच्या आदल्या रात्री गल्लीतल्या सात-आठ जणांनी गाडी ढकलत विश्रामबागेकडं नेली, तेव्हा दारावर घासली. मडगार्डवरचा पांढरा पॅच तो. त्या रात्रीचं चित्रण नाही.

[दृश्य : रविवार दुपार. पुण्याची गाडी गल्लीत. पाहुणे उतरतात.]

गिऱ्हाईक आलं. सोबत स्वतःचा मेकॅनिक. तो गाडीखाली झोपला, टॉर्चनं सांगाडा बघितला, दारांच्या खालच्या पट्टीवर बोटानं ठोकत गेला. गंज असेल तिथं आवाज बद्द येतो. एकाच ठिकाणी आला.

अशा गाड्यांना सध्या मागणी आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, आणि जिच्यात बसायला लोक नाकं मुरडायचे तिच्याबरोबर फोटो काढायला लोक जमले.

भाव ठरत आला. मालकी बदलायचे फॉर्म २९, फॉर्म ३० समोर आले. जिल्हा बदलणार म्हणून ना-हरकतीचा फॉर्म २८. तात्यांनी खिशातून पेन काढलं.

[दृश्य : पेन. मग तात्यांचा चेहरा. कट नको.]

मग त्यांनी सहज विचारलं, "ठेवणार कुठं हिला?"

हायवेच्या एका हॉटेलात, दर्शनी भागात, काचेमागं. रंग काळा-पिवळा करून. वर टॅक्सीचा दिवा. इंजिन काढून ठेवणार, वजन कमी व्हावं म्हणून.

तात्या (बाईट) : "सांगलीची गाडी हाय ओ ही. हिनं भाडं कवा मारलं?"

चहा झाला. पाहुणे गेले.

काकू कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत. त्या पैशात वाड्याची कौलं बदलायची होती; ते काम आता पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. मुलगा पुण्यात असतो, तो फोनवर म्हणाला, "बघा, तुम्हाला जमेल तसं."

[दृश्य : आरटीओ कार्यालय, बाहेरून. एमएच-१०च्या गाड्यांची रांग, त्यात एक दुधी फियाट.]

नूतनीकरण नेहमीच्या वाटेनं. पाच वर्षं. तात्या तेव्हा शहात्तरचे असतील.

[दृश्य : पेट्रोल पंप. पाठीमागून उसाचा ट्रॅक्टर जातो.]

पंपावरचा पोरगा गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेटवर हात फिरवतो आणि विचारतो, "तात्या, टाकी फुल्ल करू?"

तात्या पाच बोटं दाखवतात. पाच लिटर.

[दृश्य : हरिपूरचा रस्ता. गाडी लांब जाते. इंजिनचा आवाज तसाच, संगीत नाही.]