उघडलेलं बंद कोण करणार?

मंडळी, विषय जाहीर झालाय तो फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे फंक्शनं जोडून प्रोग्रॅम लिहायच्या पद्धतीत, रिसोर्स घेण्या-सोडण्याचा. रिसोर्स म्हणजे फाइल, डेटाबेसचं कनेक्शन अशा वापरून परत करायच्या गोष्टी. त्यावर येतोच. पण आधी एक जुनं दुखणं सांगतो, त्याशिवाय माझी तळमळ कळायची नाही.

इथंच, इंदूरमधल्या एका घाऊक दुकानात बिलांचं सॉफ्टवेअर होतं. दोन-तीन दिवस झकास चालायचं आणि मग भर दुपारी गोठायचं. काउंटरवर गर्दी, हमाल खोळंबलेले, आणि फोनवर ठरलेलं उत्तर: "सर्व्हर रीस्टार्ट करा." पुढे रोज रात्री आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोयच करून टाकली आणि प्रश्न मिटला म्हणून सगळे मोकळे झाले. मला याची अजून चीड येते! कोड उघडला तर पहिल्या ओळीत डेटाबेसचं कनेक्शन घेतलेलं, मग बिल वाचायचं, तारीख तपासायची, आणि अगदी शेवटच्या ओळीत कनेक्शन परत. एखाद्या बिलावर तारीख कोरी निघाली की मधेच एक्सेप्शन, म्हणजे चूक होऊन काम तिथंच तुटतं, शेवटची ओळ चालतच नाही. पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायच्या साठ्यात, कनेक्शनं 10. म्हणजे 10 कोरी बिलं आली की अकरावा माणूस नुसता ताटकळणार. आणि लॉगमध्ये नाव येणार त्या अकराव्याचं. ज्याच्या बिलापायी कनेक्शन अडकलं, तो केव्हाच घरी गेलेला.

आपल्या सराफ्यात दुकानं बंद झाली की त्यांच्यापुढं खाण्याचे ठेले लागतात. धंदा होवो न होवो, पाऊस येवो, सकाळी सराफाला जागा मोकळी मिळालीच पाहिजे. हे जागा घेतानाच ठरलेलं असतं. कोडमध्येही तसंच हवं.

कुणी म्हणेल, नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर आहे की! अहो, त्याचं लक्ष मेमरीवर. कनेक्शनं संपत आली, हे त्याला कोण सांगणार? जावा भाषेत फायनलायझरवर, म्हणजे गार्बेज कलेक्टर एखादी वस्तू काढताना चालवतो त्या कोडवर, भिस्त ठेवणाऱ्यांचे इतके हाल झाले की 2017 साली, जावा 9 मध्ये, त्याचा वापर टाळा असं अधिकृतपणेच सांगावं लागलं.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा.

हॅस्केल या फंक्शनल भाषेत ब्रॅकेट नावाचं फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: कसं घ्यायचं, कसं सोडायचं, मधे काय करायचं. घेणं यशस्वी झालं की मधलं काम पुरं होवो वा एक्सेप्शननं मोडो, सोडणं चालतंच. टाइमआउटसारखा बाहेरचा व्यत्ययही घेणं आणि वापर यांच्या फटीत घुसू शकत नाही. अर्थात प्रोसेसच बाहेरून ठार केली, तर इलाज नाही.

स्काला भाषेच्या कॅट्स इफेक्ट या लायब्ररीमधलं रिसोर्स याच्याही पुढं जातं. घेणं-सोडणं मिळून एकच व्हॅल्यू होते. आधी फाइल आणि मग कनेक्शन असे दोन रिसोर्स जोडले, तर सुटताना कनेक्शन आधी सुटतं, फाइल नंतर. हा उलटा क्रम हातानं सांभाळावा लागत नाही.

सापळा मात्र एक आहे. हॅस्केलचं लेझी वाचन, म्हणजे मजकूर लागेल तेव्हाच फाइलमधून वाचणं, ब्रॅकेटच्या आत सुरू करून मजकूर तसाच बाहेर दिला, तर खरं वाचन व्हायच्या आत फाइल बंद झालेली असते. म्हणून बिलांची बेरीज आतच पुरी करा आणि बाहेर नुसता आकडा द्या. फाइल अवाढव्य असेल तर हॅस्केलची कॉन्ड्युइट नावाची लायब्ररी घ्या. ती तुकड्यातुकड्यानं वाचते आणि मेमरीही आटोक्यात राहते.